बीपीची गोळी चालेना झालीय, की तिला कुणी आडवं येतंय?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. त्यात काय आहे ते थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं काढून: वय 49. दोन वर्षांपासून बीपीसाठी टेल्मिसार्टन 40 ची रोज एक गोळी, त्यावर वरचा आकडा 125 च्या आसपास आणि खालचा 80, अगदी छान बसलेला. गेल्या अडीच महिन्यांत तोच आकडा 150-156 वर चाललाय, खालचा 95, ठोके नुसतं बसल्याजागी 96 ते 104, आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात धडधड ऐकू येते. डॉक्टरांनी जोडीला अॅम्लोडिपिन 5 दिली, त्याला पाच आठवडे झाले. आकडा जरा उतरला पण आता संध्याकाळी घोट्यांवर सूज येते, मोज्याचा वळ उठतो. ताई दिवसातून दहा-बारा वेळा बीपी मोजतात. घरचे म्हणतात तू टेन्शन घेतेस. शेजारणीने तिच्याकडची पाण्याची गोळी (लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारी) देऊ केलीय, सूज उतरेल म्हणून. ताईंना वाटतंय की बीपीच्या गोळ्या आता अंगाला लागू पडत नाहीत, तर दोन्ही बंद करून महिनाभर बघावं का? आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता: "बाकी गुडघ्याची इटोरिकॉक्सिब 60 तीन महिने रोज चालू आहे, थायरॉइडची गोळी चार महिन्यांपूर्वी 75 ची 100 केली, आणि सायनससाठी सर्दीची गोळी नाक बंद झालं की घेते. पण हे सगळं वेगळ्या डॉक्टरांचं, त्याचा हृदयाशी काय संबंध, म्हणून बीपीच्या डॉक्टरांना सांगितलं नाही. आता सांगितलं तर ते रागावतील का?"

ताई, आधी दोन गोष्टी सांगते आणि मग सावकाश बोलू. शेजारणीची पाण्याची गोळी घेऊ नका, आजही नको आणि एकदा बघू म्हणूनही नको. आणि बीपीच्या दोन्ही गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. का ते खाली येईलच.

मी औषधांच्या कामातली आहे, फार्मासिस्ट, डॉक्टर नाही, त्यामुळे तुम्हाला नक्की काय झालंय हे मी सांगू शकत नाही आणि पत्रावरून ते कुणीच सांगू नये. पण तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष सगळ्यात जास्त त्या शेवटच्या चार ओळींवर गेलं, ज्या तुम्ही जाता जाता लिहिल्यात. मला वाटतं तुमच्या प्रश्नातलं निम्मं उत्तर तिथेच पडलंय.

तुम्ही लिहिता की गुडघ्याच्या गोळीचा हृदयाशी काय संबंध. हे वाटणं अगदी स्वाभाविक आहे, कारण आपण औषधं लक्षात ठेवतोच मुळी दुखण्याच्या नावाने, गुडघ्याची, थायरॉइडची, सर्दीची, बीपीची. पण गोळीला स्वतःला माहीत नसतं ना की तिला गुडघ्यासाठी घेतलंय. पोटात विरघळली की ती रक्तात जाते आणि रक्त सगळीकडे फिरतं, गुडघ्यातही जातं, किडनीतही आणि हृदयातही. जिथे जिथे तिला काम करायला जागा सापडेल तिथे ती काम करते. आपल्याला हवं ते काम केलं की आपण त्याला गुण म्हणतो, नको ते केलं की साइड इफेक्ट, तिच्या लेखी दोन्ही एकच.

आता एकेक घेऊ. इटोरिकॉक्सिब पासून सुरुवात करते कारण माझा सगळ्यात जास्त संशय तिच्यावर आहे. या जातीच्या पेनकिलर, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन वगैरे सगळ्याच, शरीरात प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची द्रव्यं तयार होणं कमी करतात, त्याने सांध्यातली सूज आणि ठणका कमी होतो. पण हीच द्रव्यं किडनीत दुसरं काम करत असतात, किडनीकडे येणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवायची आणि जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर जाऊ द्यायचं. ती कमी झाली की मीठ आणि पाणी अंगात थांबतं, नळ्या त्याच आणि आत पाणी जास्त, मग दाब वाढणारच. वर आणखी एक म्हणजे टेल्मिसार्टनसारख्या गोळीचं काम बरंचसं किडनीच्या मार्फत चालतं, त्यामुळे पेनकिलर रोज असेल तर तिचा जोर कमी पडतो. म्हणजे तुमची टेल्मिसार्टन कदाचित अजूनही तेवढीच चांगली असेल, फक्त तिचा पाय मागे ओढला जातोय.

इटोरिकॉक्सिब बद्दल तर औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की सुरू करण्याआधी बीपी आटोक्यात हवं, सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आत ते मोजावं आणि पुढेही अधूनमधून बघत राहावं. युरोपातल्या औषध नियंत्रकांनी तर बीपी सतत 140/90 च्या वर राहत असेल तर ही गोळी देऊच नये असं सांगितलंय. ही खबरदारी उगाच आलेली नाही, याच कुळातली रोफेकॉक्सिब नावाची गोळी 2004 साली हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढतो म्हणून जगभरातून मागे घेतली गेली. घाबरवायला सांगत नाहीये, इटोरिकॉक्सिब अनेकांना अनेक वर्षं नीट चालते, पण वाढलेल्या बीपीच्या माणसाने ती रोज तीन महिने घ्यायची आणि बीपी बघणाऱ्या डॉक्टरांना पत्ताच नसायचा, हे मात्र मला खरंच काळजीचं वाटतं.

थायरॉइडची गोळी. ही कमी पडली तर हृदय मंदावतं आणि जास्त झाली तर हृदयाला कुणीतरी मागून ढकलत असल्यासारखं होतं, बसल्याजागी ठोके वाढतात, धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, गरम होणं, बीपीचा वरचा आकडाही वाढतो आणि फार काळ असंच राहिलं तर ठोके अनियमित व्हायची भीती असते. डोस बदलल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडचा डोस बरोबर आहे का ते सांगणारी रक्ताची टेस्ट) परत बघायचा असतो. आधी बघून उपयोग नसतो कारण हे औषध शरीरात हळूहळू साठतं, त्यातलं अर्धं बाहेर पडायलाच आठवडाभर लागतो. तुमचा डोस चार महिन्यांपूर्वी वाढला आणि नंतर टेस्ट केल्याचा पत्रात उल्लेख नाही. केली नसेल तर ती राहून गेलेली गोष्ट आहे, एका रक्ताच्या नमुन्यात उत्तर मिळेल.

सर्दीची गोळी दिसायला सगळ्यात गरीब. पाकिटावर घटक बघा, फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन आहे का. नाक मोकळं होतं कारण नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसतात, पण ती काही फक्त नाकातल्याच आकसवत नाही, बाकीच्याही आकसतात. स्यूडोएफेड्रिनने तर ठोकेही वाढतात. ज्या दिवशी ही घेतली त्या दिवशीचे आकडे वेगळे लिहून ठेवलेत तर तुमचं तुम्हालाच कळेल की त्या दिवसांत फरक पडतो का.

म्हणजे बघा, तीन गोळ्या, तिघींनी थोडाथोडा धक्का दिला तरी 125 चे 150 व्हायला जास्त काही लागत नाही. आणि चारही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. गुडघा दुखतोय त्याला पेनकिलर, टीएसएच वाढलेला त्याला डोस, नाक बंद त्याला सर्दीची गोळी, बीपी वाढलं त्याला दुसरी गोळी. फक्त या सगळ्या स्ट्रिप्स एका टेबलावर एका माणसाने कधी बघितल्याच नाहीत.

आता सूज, कारण मला इथेच सगळ्यात जास्त भीती वाटली. अॅम्लोडिपिनने घोटे सुजणं ही अगदी ओळखीची गोष्ट आहे, डोस वाढला की जास्त, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसते. ती सूज अंगात पाणी साठून आलेली नसते. ही गोळी बारीक धमन्या सैल करते पण शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, मग येणारं रक्त जास्त आणि निघायची वाट तीच, त्यामुळे केशवाहिन्यांमधून थोडं पाणी बाहेर पाझरतं आणि पाय खाली असल्याने तिथे दिसतं. म्हणूनच पाण्याच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. तुमच्या बाबतीत पेनकिलरमुळे थांबलेलं पाणीही त्यात असू शकतं, दोन्ही मिळून. पण पाण्याची गोळी, टेल्मिसार्टन आणि पेनकिलर या तिघी एकत्र आल्या की किडनीवर तिन्ही बाजूंनी येतं. पेनकिलर किडनीच्या गाळणीत येणारी वाट अरुंद करते, टेल्मिसार्टन बाहेर जाणारी वाट सैल करते आणि पाण्याची गोळी आतलं पाणीच कमी करते, मग गाळणीत दाबच उरत नाही आणि किडनीचं काम अचानक ढासळू शकतं, त्यात उलट्या-जुलाब किंवा उन्हाने पाणी कमी झालेलं असेल तर आणखीच. शेजारणीने मायेनेच देऊ केली असेल. तरी ती घेऊ नका.

आणि ही साखळी लक्षात घ्या, कारण असंच अनेकांचं होतं. गुडघ्याच्या गोळीने बीपी वाढलं, वाढलेल्या बीपीला नवी गोळी आली, नव्या गोळीने पाय सुजले, सुजेला तिसरी गोळी. प्रत्येक पायरीवर वाटतं की नवीन आजार झाला. आजार कदाचित एकच असतो, आणि बाकी सगळी गोळ्यांची एकमेकींशी चाललेली ओढाताण.

मग दोन्ही बीपीच्या गोळ्या बंद करून महिनाभर बघायचं का, तर नाही. एक तर बीपी वाढलेलं असतानाच तुम्ही त्याचा लगाम सोडताय, आणि नंतर आकडा वाढला तर तो कशाने वाढला हे आणखीच कळणार नाही. टेल्मिसार्टन सोडली तर बीपी हळूहळू पूर्वपदावर, म्हणजे वाढलेल्या पदावर जातं. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आवर्जून सांगते, काही गोळ्या अशा आहेत की त्या एकदम सोडणं थेट धोक्याचं असतं. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकर गोळ्या एकदम थांबवल्या तर इतके दिवस दाबून धरलेले ठोके उसळी मारतात, आधीच हृदयाचा त्रास असेल तर छातीत दुखण्यापर्यंत जातं. क्लोनिडिन ही बीपीचीच गोळी एकदम सोडली तर बीपी आधीपेक्षाही वर जाऊ शकतं. बरेच दिवस घेतलेली स्टेरॉइड्सही अशी सोडायची नसतात. या सगळ्या डॉक्टरांच्या सांगण्याने पायरी पायरीने उतरवायच्या.

थायरॉइडचा डोसही स्वतः 75 वर आणू नका, आधी टेस्ट. सर्दीची गोळी मात्र तुम्ही "लागली तर" घेताय, ती डॉक्टरांशी बोलेपर्यंत बाजूला ठेवायला काहीच हरकत नाही, वाफ घ्या, मिठाच्या पाण्याचा स्प्रे वापरा. आणि गुडघ्याच्या डॉक्टरांना भेटीची वाट न बघता या दोन-तीन दिवसांत फोन करा, सांगा की माझं बीपी 150 च्या वर जातंय आणि मी इटोरिकॉक्सिब रोज घेतेय, चालू ठेवू का. गुडघ्याला दुसरे मार्ग आहेत. लावायचं जेल आहे, त्यातलं औषध रक्तात फार कमी जातं, मांडीचे स्नायू मजबूत करायचे व्यायाम आहेत, ज्यांचा गुण यायला वेळ लागतो पण खरंच येतो. पॅरासिटामॉल बहुतेकांना त्या मानाने सोयीची पडते, पण तीही रोज भरपूर घेतली तर पूर्ण निर्धोक नाही. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बीपी असलेल्या लोकांना रोज 4 ग्रॅम दोन आठवडे दिल्यावर वरचा आकडा साधारण 5 ने वाढलेला दिसला. पाण्यात विरघळून फसफसणाऱ्या गोळ्या असतील तर त्यात सोडियमही बरंच असतं. म्हणजे कधीमधी घ्यायला ठीक, पण रोजची करायची तर विचारून.

टेन्शनबद्दल. घरचे म्हणतात तू टेन्शन घेतेस, आणि तुम्हीही जवळजवळ मान्य करून टाकलंत असं वाटलं. टेन्शनने ठोके वाढतात हे खरंच आहे. पण दोन वर्षं संसार तोच, कामं तीच, आकडा 125, आणि मग नेमक्या दोन गोळ्या बदलल्यावर काही आठवड्यांत तो 150. तारखा तरी निदान मांडून बघायला नको का? मला या शब्दाचा राग येतो, स्पष्टच सांगते, कारण बाईच्या धडधडीला टेन्शन म्हटलं की पुढे कुणी काही शोधतच नाही. अर्थात सगळं खापर गोळ्यांवर फोडणंही तितकंच घाईचं. तुमच्या वयात पाळी बदलत असताना धडधड होते, रक्त कमी असेल तरी ठोके वाढतात, आणि कधी खरंच हृदयाच्या लयीचा प्रश्न असतो. म्हणून टीएसएचबरोबर हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), पोटॅशियम आणि एक ईसीजी करायचा का असं विचारा. हे विचारायला कुठलाही संकोच नको.

इथे माझ्या घरचं सांगते. माझे वडील एका हिवाळ्यात दोनदा रात्री उठताना कोसळले, नाडी 44. हृदयाच्या तपासण्या झाल्या, अंगाला मशीन बांधून चोवीस तासांची पट्टी काढली, पेसमेकरपर्यंत बोलणं गेलं. कोणती औषधं चालू आहेत असं जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा आम्ही सांगितलं, फक्त एक शुगरची गोळी. काचबिंदूसाठी डोळ्यात टिमोलॉलचे थेंब दोन वेळा चालू होते, ते आम्ही कुणी औषधात धरलेच नव्हते, आणि मी या कामातली असून मीही नाही. टिमोलॉल हा बीटा ब्लॉकर आहे, डोळ्यातून नाकात उतरून रक्तात जातो आणि ठोके मंद करू शकतो, दमा असेल तर दमाही वाढवतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलले आणि नाडी साठीच्या घरात आली. तेव्हापासून मी कुणालाही "गोळ्या कोणत्या" असं विचारत नाही, "डोळ्यात, नाकात, तोंडात, अंगावर, काय काय जातं" असं विचारते. (थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरला तर औषध आत कमी उतरतं, हे ज्यांना असे थेंब चालू आहेत त्यांनी जरूर करावं.)

पत्र तुमचं एकटीचं असलं तरी असे प्रश्न मला सतत येतात म्हणून बाकीच्यांसाठी पटकन. दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलने थोडा वेळ धडधड आणि हात थरथरणं होतं, ते सहसा उतरतं, पण पंप वारंवार लागत असेल तर दमाच आटोक्यात नाही असं समजून डॉक्टरांना गाठा. मायग्रेनसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर घड्याळात ठोके 55 दिसणं हे औषधाचंच काम आहे, चक्कर नसेल तर घाबरू नका, आणि 220 वजा वय हा व्यायामात ठोके जास्तीत जास्त किती जातील याचा हिशोब तुम्हाला लागू पडत नाही. शुगरवाल्यांना बीटा ब्लॉकर चालू असेल तर शुगर उतरल्यावरची धडधड कळत नाही, घाम मात्र येतो, तो ओळखायला शिका. प्रोस्टेटच्या टॅम्स्युलोसिनने उभं राहताना बीपी पडू शकतं, अंथरुणातून उठताना आधी कडेला मिनिटभर बसा. डिप्रेशनच्या औषधांत व्हेन्लाफॅक्सिन डोसबरोबर बीपी वाढवू शकते, तर फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिनमुळे मेटोप्रोलॉल रक्तात जास्त साठते आणि ठोके खूप उतरू शकतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी काहींचं बीपी वाढतं. आणि हृदयामुळे छातीत दुखतं म्हणून नायट्रेटची औषधं घेणाऱ्याने सिल्डेनाफिल (पुरुषांची लैंगिक त्रासावरची गोळी) कधीच घेऊ नये, बीपी जीवघेणं खाली जाऊ शकतं, हे लाजेपोटी लपवायची गोष्ट नाही.

आता मोजण्याचं. तुम्ही लिहिता दिवसातून दहा-बारा वेळा मोजते, रात्री धडधडलं की उठून पुन्हा. ते थांबवा, भीती वाटत असताना घेतलेला आकडा भीतीचाच असतो. सात दिवस, सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री झोपण्याआधी, आधी लघवीला जाऊन या, अर्धा तास चहा-कॉफी नको, पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पाच मिनिटं गप्प बसा, पट्टा उघड्या दंडावर आणि दंड हृदयाच्या पातळीला. मिनिटभराच्या अंतराने दोन वेळा, दोन्ही आकडे आणि ठोके लिहा, बोलू नका मोजताना. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची, घरच्या मोजणीत ती 135/85 च्या खाली हवी. शेजारी एक रकाना ठेवा, त्या दिवशी पेनकिलर घेतली का, सर्दीची घेतली का. एखाद्या दिवशी बसून मोजल्यावर उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने पडला तर तेही लिहा.

सात दिवस थांबायचं नाही ते कधी, तर छातीत दाब किंवा दुखणं, धाप, शुद्ध हरपणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं, किंवा आकडा 180/120 च्या वर आणि सोबत असलं काहीही, तर डायरी तिथेच ठेवून थेट इमर्जन्सीत. शांत बसून ठोके 120 च्या वर राहत असतील किंवा 50 च्या खाली येऊन गरगरत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

शेवटी तुम्ही विचारलंय की आता इतक्या उशिरा सांगितलं तर डॉक्टर रागावतील का. रागावले तर रागावू देत ताई, पण बहुतेक ते सुस्कारा सोडतील, कारण त्यांनाही कोडं पडलं असेल की दोन वर्षं नीट चाललेली बाई अचानक का बिघडली. कागदावर यादी करा, प्रत्येक औषधापुढे नाव, किती एमजी, कधीपासून, डोस कधी बदलला, आणि बीपी वाढायला लागल्याची तारीख त्याच कागदावर. स्ट्रिप्स पिशवीत घालून घेऊन जा, सर्दीच्या गोळीचं पाकीटही. आत गेल्यावर एवढंच म्हणा: "डॉक्टर, ही माझी सगळी औषधं, यातली तीन मी तुम्हाला आधी सांगितली नव्हती. यातल्या कशाने बीपी आणि ठोके वाढत असतील का, आणि तसं असेल तर नवीन गोळी वाढवण्याआधी यातलं काही कमी करून बघता येईल का?" थायरॉइडचा शेवटचा रिपोर्ट आणि त्याची तारीख वरच ठेवा, तो पहिल्यांदा मागतील.